तेद्रेसोची दोनशे चौदा माणसं

“मान वर कर. आणि हसू नकोस. कादरी हसत नसते,” लेइदाआजीनं दम भरला आणि माझ्या तोंडावरून पांढऱ्या मलमलीचं फडकं घेऊन मागं करकचून गाठ मारली.

“अगं आजी, श्वास तरी घेऊ दे!”

“डोळ्यांना भोकं पाडलीत ना? तिथूनच घे.”

दुपारचे चार वाजत होते आणि बाहेर काळोख झाला होता. एस्टोनियातला नोव्हेंबर असाच. सूर्य उशिरा येतो, खिडकीतून जरासा डोकावतो आणि साडेतीनला सामान आवरून चालता होतो. तारीख होती चोवीस, साल दोन हजार चौदा. कादरीची संध्याकाळ. त्या दिवशी तिकडच्या खेड्यांत माणसं पांढरे कपडे घालून, तोंड झाकून, आवाज बदलून दारोदार फिरतात. घरच्यांनी त्यांना आत घ्यायचं, कोण आहेत ते ओळखायचं, त्यांनी घातलेली कोडी सोडवायची. जाताना कादरी जे मागेल ते मुकाट द्यायचं. सफरचंद, अक्रोड, गोळ्या, काय असेल ते. नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर वर्षभर मेंढ्या धड राहत नाहीत, असं समजतात.

पण आम्ही दोघी सफरचंदं मागायला निघालो नव्हतो. आम्हाला एक माणूस हवा होता.

आता नीट पहिल्यापासून सांगते. मी वैजयंता घोडे, कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीची. तार्तूच्या विद्यापीठात दलदलीतल्या पाण्यावर माझं संशोधन चाललं होतं, आणि मोजमापं घ्यायला वर्षभर एका खेड्यात जाऊन राहायचं होतं. देशाच्या अगदी आग्नेय कोपऱ्यात व्होरू नावाचा जिल्हा आहे. एका अंगाला रशिया, खालच्या अंगाला लातविया, मध्ये जंगल, तळी, दलदल आणि टेकड्या. साऱ्या जिल्ह्यात मिळून पस्तीसेक हजार माणसं. आमच्या एकट्या अकोले तालुक्यात अडीच लाखांच्या वर आहेत. त्या जिल्ह्यातल्या तेद्रेसो गावात, जुन्या शाळेच्या माळ्यावर मला खोली मिळाली. खाली वाचनालय, वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत लेइदाआजी. वय एकाहत्तर. अठ्ठेचाळीस वर्षं ती त्या वाचनालयाची बाई होती.

तिकडं म्हाताऱ्या माणसालाही नावानंच हाक मारतात. मला ते काही केल्या जमेना, म्हणून मी नावाला ‘आजी’ जोडलं आणि आमच्या बारीत आजीला करतो तसं अगं-तुगं सुरू केलं. तिला ते आवडलं असावं. आवडलं असं ती म्हणाली नाही, पण तिकडं कुणीच म्हणत नाही.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “देशातला सगळ्यात उंच डोंगर आमच्या जिल्ह्यात आहे.” नाव काय, तर मोठा अंडेडोंगर. उंची तीनशे अठरा मीटर. मी आपली एवढंच म्हणाले की, आमच्या दाराशी सोळाशे सेहेचाळीस मीटर उभे आहेत. दोन दिवस आजी माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी राईच्या पावावर लोणी थापता थापता म्हणाली, “तुमच्याकडं मोजणारे चुकले असतील.”

अशी ती बाई. तिच्याकडून मी भाषा शिकले ती कपाटातल्या एका जाड पुस्तकावरून. शंभरेक वर्षांपूर्वी छापलेलं, जिल्ह्याचा सगळा भूगोल, इतिहास आणि गावोगावची लोकसंख्या सांगणारं. सोव्हिएत काळात असली पुस्तकं वाचनालयातून उचलून नेत. आजीनं ते मेंढीच्या लोकरीच्या पोत्यात लपवून वाचवलं होतं. रोज रात्रीच्या जेवणाआधी मी एक पान मोठ्यानं वाचायचे आणि ती माझे उच्चार दुरुस्त करायची. एकदा एकशे शहाऐंशीनंतर एकदम एकशे एकोणनव्वदावं पान आलं.

“मधलं पान कुठं गेलं गं?”

“त्याच पानावर तेद्रेसो होतं,” आजी म्हणाली. “दोनशे चौदा माणसं. घरागणिक नावं.”

“मग गेलं कुठं?”

“पलीकडच्यानं ओढलं.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. पण नाही. ओढ्यापलीकडं एक म्हातारा राहायचा. त्यानं तरुणपणी, कागद संपला म्हणून, ते पान फाडलं, त्यात तंबाखू भरली आणि चार दिवसांत ओढून टाकली. दोनशे चौदा माणसं, एकोणपन्नास चुली, एक पवनचक्की, सगळं धुरात गेलं. तेव्हापासून आजीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. सेहेचाळीस वर्षं! ओढा म्हणजे काय, मी परकर खोचून उडी मारीन एवढा. दोघांच्या धुराड्यांचा धूर वर एकत्र व्हायचा. पण आजी त्याचं नावसुद्धा घ्यायची नाही. ‘पलीकडचा’ एवढंच. पलीकडच्याचा कुत्रा भुंकतोय. पलीकडच्यानं अजून बटाटे काढले नाहीत. पलीकडचा काल खोकत होता. मी गावातल्या दुसऱ्या बायकांकडून त्याचं नाव काढलं तेव्हा कळलं, एंदेल.

ऑक्टोबरात पंचायतीचं पत्र आलं. जवळपासची गावं रोडावत चाललीत, तेव्हा ज्या गावात नोंदलेली माणसं तिसाच्या आत असतील, तिथलं वाचनालय एक जानेवारीपासून बंद. तेद्रेसो : अठ्ठावीस. वाचनालय बंद म्हणजे शाळेची इमारत बंद, म्हणजे आजीच्या मागच्या दोन खोल्याही बंद. तिला शहरात चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट देऊ केला होता. “वरून छान दिसतं,” असं पंचायतीतली माइरे नावाची बाई फोनवर म्हणाली. “चौथ्या मजल्यावर माझी काळी मांजर काय पकडणार, कबुतरं?” असं म्हणून आजीनं फोन आपटला. मग ती बराच वेळ पुस्तकांच्या रांगांमधून नुसतीच फिरत राहिली. हात पाठीमागं बांधून, एकेका पुस्तकाकडं बघत.

“अठ्ठावीस कसे?” मी म्हणाले. “मी मोजली ना गावातली माणसं. तुला धरून एकोणतीस आहेत.”

“कार्यालयवाले नेहमीच चुकतात,” आजी फटकन म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

मी तिथंच थांबून विचार करायला हवा होता. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. जनगणनेला दारोदार हिंडायचे आणि आल्यावर आईला हसत हसत सांगायचे, कारण बारीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. “घरधन्याचं नाव?” म्हणून विचारलं की एखादी लाजून म्हणायची, “शेंदूर लावत्यात बघा त्येला, शेपूट असतंय.” वडील मुकाट्यानं ‘मारुती’ लिहायचे. एका बाईचं नाव ओळखायला त्यांना अर्धा तास लागला होता. अशा घरची मी पोरगी. पण तेव्हा डोक्यात प्रकाश पडला नाही तो नाहीच.

तिकडं एक गंमत असते. एकतीस डिसेंबरला माणसाचं नाव ज्या गावात नोंदलेलं असेल, त्या गावचा तो. म्हणून वर्ष संपत आलं की पंचायती माणसं गोळा करत सुटतात. आमच्या पंचायतीनं तर सोडत ठेवली होती. नाव नोंदवा आणि एक ट्रॉली जळाऊ लाकूड जिंका! आजीनं माझं नाव पहिल्याच दिवशी नोंदवून टाकलं. एकोणतीस. आता एकच कमी.

त्या एकासाठी तिनं काय काय केलं! उन्हाळ्यात येणाऱ्या टॅलिनवाल्यांना फोन केले. ते म्हणाले, राजधानीत नाव असलं की आम्हाला बस फुकट आहे, ते कसं सोडायचं? शेजारच्या गावातल्या मधमाशीवाल्याला तिनं दोन बरण्या लिंगोनबेरी नावाच्या रानफळाचा मुरंबा नेऊन दिला. त्यानं मुरंबा खाल्ला आणि नाव दिलं नाही. शेवटी एका सकाळी मीच म्हणाले, “आजी, ओढ्यापलीकडं एंदेल आहे की. ओढा म्हणजे गावाची हद्द, म्हणून त्याचं घर मेत्सावेरे गावात. मेत्सावेरेत वाचनालय नाहीच, त्यामुळे तिथला एक कमी झाला तरी कुणाला सोयरसुतक नाही. त्यानं फक्त तुझ्या पत्त्यावर नाव लावायचं. राहू दे ना खुशाल तिकडं.”

“मी त्याच्या दारात जाणार नाही.”

“बरं, मी जाते.”

“तुला हाकलून देईल. पंचायतीच्या माइरेलाही हाकललं. नाव हलवणार नाही म्हणाला. असा बैलोबा आहे.” मग तिच्या निळ्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. “पण कादरीला नाही म्हणता येत नाही.”

तर अशी आमची स्वारी निघाली. आजीनं अंगावर लेसचा पडदा घेतला होता, डोक्यावर उशीचा अभ्रा आणि हातात लाकडी डाव. ती कादरीआई. मी कादरीची लेक. माझा पडदा मी सरळ नऊवारीसारखा कासोटा घालून नेसले, कारण बर्फ होतं आणि ओढा ओलांडायचा होता. हातात पांढरे मोजे चढवले. अख्ख्या जिल्ह्यात सावळी बाई मी एकटी, हात दिसले असते तर खेळ तिथंच खलास.

“तिथं तू बोलायचं नाही,” आजीनं फळकुटाच्या पुलावर बजावलं. “तुझा उच्चार ऐकून मेंढ्यासुद्धा ओळखतील.”

“आणि तुला तो ओळखणार नाही?”

“सेहेचाळीस वर्षांत आवाज बदलतो.” मग घसा खाकरून ती किरट्या आवाजात म्हणाली, “म्यँ, कसा वाटतो?” मला इतकं हसू आलं की मी पुलावरून पडता पडता वाचले.

दार वाजवलं. आतून पावलं आली. दार उघडलं तो एक उंच, वाकलेला म्हातारा, अंगात विणलेला स्वेटर, कोपरं फाटलेली. त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“कादरी,” तो म्हणाला. “बरीच वर्षं झाली या दारात कादरी येऊन.” आणि बाजूला झाला.

मी पुढं झाले आणि फाडकन कपाळ आपटलं. दाराच्या आत एक आडवी तुळई होती, अंधारात दिसलीच नाही. डोळ्यांपुढं काजवे चमकले. माझ्या मागून आजी आली. अंधारातच, न बघता, न चाचपडता, नेमकी त्या जागी मान खाली घालून ती आत आली आणि दारामागच्या खिळ्याला तिनं डाव अडकवला.

एंदेल त्या खिळ्याकडं बघत राहिला. मग त्यानं चुलीजवळची दोन स्टुलं पुढं सरकवली.

आजीनं परंपरेप्रमाणं मूठभर सातू जमिनीवर फेकले, घराला बरकत येवो म्हणून. मग किरट्या आवाजात कोडी सुरू झाली.

“तोंड नाही पण गिळतो, पोट नाही पण भरतो, उन्हाळ्यात जिरतो आणि वसंतात फुगतो. कोण?”

“ओढा,” एंदेल म्हणाला.

“चार भिंतींत शेकडो माणसं बोलतात, पण आवाज नाही. कुठं?”

“वाचनालयात.” त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. “सोपी घालतेस, कादरीआई. अवघड घाल.”

आजी स्टुलावरून उठली. अभ्रा जरा वाकडा झाला होता. “घरधनी बसला चुलीपाशी. हातात एक पान. पानावर गाव. एका बैठकीत त्यानं दहा घरं ओढली, दुसऱ्या बैठकीत पवनचक्की. चार दिवसांत सगळं गाव खलास. तो कोण?”

म्हातारा गालातल्या गालात हसत होता का रडत होता, ते मला त्या फडक्याच्या भोकांतून कळेना.

“तो गाढव,” एंदेल म्हणाला. “तेवीस वर्षांचा गाढव. त्याला वाटलं, जुनं पुस्तक आहे, एका पानानं काय बिघडतं.”

“बरोबर आहे उत्तर!” आजीचा आवाज आता कादरीचा राहिलाच नव्हता. “दोनशे चौदा माणसं ओढलीस माझी! आता अठ्ठावीस उरलीत, ही पोरगी धरून एकोणतीस. तीस नाही झाली तर माझं दार बंद होतंय. दोनशे चौदांतलं एक परत दे. एकच! कादरीला नाही म्हणता येत नाही.” आणि पडद्याच्या आतून तिनं तो नोंदणीचा कागद काढून टेबलावर थापला.

एंदेलनं कागद वाचला. चष्मा लावून, सगळा. मग म्हणाला, “एक देणार नाही.”

मला वाटलं, झालं. एवढं सोंग वाया गेलं. आजीचे खांदे एकदम पडले. ती खिळ्याकडं वळली, डाव काढायला.

“दोन नेणार असशील तर देतो,” एंदेल म्हणाला.

त्यानं टेबलाचा खण ओढला. आत कागदांचा गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला. वरचा कागद त्यानं माझ्यापुढं धरला. आजीपुढं नाही, माझ्यापुढं. “वाच, लेकी. तुला वाचता येतं असं ऐकलंय.”

पंचायतीचा उतारा होता. मेत्सावेरे गाव, ओढ्याकाठचं घर. नोंदलेल्या व्यक्ती, दोन. पहिलं नाव, एंदेल कोइव. दुसरं नाव, लेइदा कोइव. नातं, पत्नी.

मी तोंडावरचं फडकं फर्रकन ओढून काढलं. आता कसलं सोंग! “आजी! तू याची बायको आहेस?”

“अकरा महिने,” आजी भिंतीकडं बघून म्हणाली. “पान फाडलेलं कळलं त्या दिवशी घड्याळ आणि पुस्तक घेऊन पूल ओलांडला.”

“आणि घटस्फोट?”

“त्याला शहरात जावं लागतं. मला वेळ नव्हता.”

“सेहेचाळीस वर्षं वेळ नव्हता?” मला आता आवरेना. “म्हणजे गावात एकोणतीस माणसं होती ते माझं बरोबरच होतं! कार्यालय चुकलं नव्हतं. तुझंच नाव इथं होतं! अगं, दोन महिने टॅलिनवाल्यांना फोन करतेस, मधमाशीवाल्याला मुरंबे चारतेस, मला तोंडावर फडकं बांधून बर्फातून आणतेस. स्वतःचं नाव ओढ्याच्या अलीकडं आणलं असतंस तर तीस पहिल्याच दिवशी झाले असते!”

आणि मग मी स्वतःलाच एक चापट मारली, टेंगूळ आलं होतं नेमकी तिथं. नाव न घेणारी बाई! कुत्रा पलीकडच्याचा, बटाटे पलीकडच्याचे, खोकला पलीकडच्याचा. बारीच्या मास्तराच्या पोरीला तीन महिने हे कळू नये? माझ्या वडिलांनी पहिल्या दिवशीच मुकाट्यानं लिहून टाकलं असतं.

“तू तुझं नाव का नाही हलवलंस?” मी हळू विचारलं.

“माझं म्हणून या घरात तेवढंच उरलं होतं,” आजी म्हणाली. “बाकी सगळं मी नेलं होतं.”

चुलीतलं लाकूड तडतडलं. एंदेलनं सुतळी सोडली आणि एकेक उतारा टेबलावर मांडत गेला. “दर जानेवारीत मी पंचायतीत जाऊन हा मागून आणतो. माइरे विचारते, कशाला लागतो. मी म्हणतो, सरकारी काम आहे. बाहेर येऊन जिन्यावर वाचतो. दोन्ही नावं असली की बसनं घरी येतो.” तो जरा खाकरला. “आता तू म्हणतेस, माझं नाव तुझ्या पत्त्यावर लाव. लावलं तर काय होईल, विचार केलास? कागदावर मी तुझ्या घरात आणि तू माझ्या घरात. परत ओढ्याच्या दोन बाजूंना. एवढी उलटापालट करून हेच?”

मला खदखदून हसू फुटलं. आजीनं माझ्याकडं असं काही बघितलं की मी हसू गिळून टाकलं, पण तिच्याच ओठांचा कोपरा हलत होता.

एंदेलनं पेन उचललं. “एका कुटुंबाला एकच कागद चालतो. इथं लिहिलंय खाली. पण एक अट आहे, कादरीआई. पहिल्या ओळीत कुणाचं नाव लिहू ते तू सांगायचंस.”

“तुला तुझं नाव माहीत नाही?”

“विसरलो. बऱ्याच वर्षांत कुणाकडून ऐकलं नाही.”

आजीनं मान फिरवली. पडद्याची लेस बोटांभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. आमच्या गावात नव्या नवरीला बायका उंबऱ्यात अडवतात, नाव घेतल्याशिवाय आत येऊ देत नाहीत, आणि ती नुसती पदराशी चाळा करत राहते, अगदी तसंच. एकाहत्तर वर्षांची बाई! मला राहवलं नाही.

“घे की आजी. आमच्याकडं तर कविता करून घ्यावं लागतं. तुला नुसतंच घ्यायचंय.”

“तू गप्प बस. तुझं तोंड झाकलेलंच बरं होतं.” मग ती उठली, टेबलापाशी गेली आणि त्याच्या कागदावर बोट ठेवून, शाळेत हजेरी घ्यावी तशा करड्या आवाजात म्हणाली, “लिही. एंदेल.”

त्यानं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. दुसऱ्या ओळीवर पेन तिच्याकडं दिलं. तिनं आपलं नाव लिहिलं, ठळक आणि सुवाच्य, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “आता रडतेस काय? मोजे ओले होतील.”

निघताना एंदेलनं दोघींना एकेक सफरचंद दिलं. कादरीला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत.

एक जानेवारीला पंचायतीची यादी आली. तेद्रेसो : एकतीस. वाचनालय राहिलं. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट दुसऱ्या कुणालातरी गेला आणि काळी मांजर उंदीर मारत राहिली. सोडतीतली लाकडाची ट्रॉली कुणाला लागली म्हणाल, तर मला. माळ्यावर ठेवणार कुठं? एंदेलनं ती लाकडं ओढ्यापलीकडून येऊन फोडून दिली, आठवडाभर खपून. तो राहायला काही अलीकडं आला नाही. दोघांचं एका घरात निभणार नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. पण दर गुरुवारी वाचनालयात कॉफीच्या वेळेला तो येऊन बसायचा आणि आजी त्याला मोठ्यानं हाक मारायची, “एंदेल, पाय पूस!” इतक्या वेळा मारायची की पुढं पुढं मलाच त्याच्या पायांची दया यायला लागली.

वर्ष संपलं, मोजमापं संपली, मी परत आले. आता नाशिकला असते. गेल्या महिन्यात एक जाड पाकीट आलं. आजी गेली दोन वर्षांपूर्वी आणि एंदेल त्यानंतरच्या हिवाळ्यात. गेल्या वसंतात वाचनालयाची सूत्रं घेतलेल्या नव्या मुलीनं कपाट आवरताना ते जिल्ह्याचं पुस्तक उघडलं आणि त्यात हाताला लागलेल्या एका पानाची छायाप्रत मला पाठवली होती. मूळ पान, तिनं लिहिलं होतं, जिथल्या तिथं चिकटवलेलं आहे.

एकशे सत्त्याऐंशी, एकशे अठ्ठ्याऐंशी. एंदेलच्या वाकड्या अक्षरात. तेद्रेसो, दोन हजार पंधरा. एकतीस माणसं, घरागणिक नावं. जुन्या शाळेच्या घरात तीन. एंदेल, लेइदा आणि वैजयंता, आणि माझ्यापुढं कंसात, ‘सोळाशे सेहेचाळीस मीटरवाल्या डोंगराची’. आजीनं ते खोडलं नव्हतं, म्हणजे शेवटी आमची मोजणी मान्य केली होती म्हणायची.

आणि पानाच्या अगदी तळाशी, वाचनालयाच्या गोल शिक्क्याखाली, तिच्या ठळक, सुवाच्य अक्षरात एक ओळ होती.

‘हे पान ओढण्यासाठी नाही.’